पावणेदोन इंचांचा करार

डेटा सेंटर ऐरोलीतलं असो की आयर्लंडमधलं, आतली लोखंडी कपाटं बहुधा एकाच मापाची असतात. समोरची पट्टी १९ इंच रुंद, आणि प्रत्येक यंत्राची उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. त्या पावणेदोन इंचांना 'एक यू' म्हणतात. मोठं कपाट ४२ यूचं, म्हणजे साधारण पुरुषभर उंचीचं. केबलवाल्याकडे भिंतीवर जी काळी पेटी टांगलेली दिसते, ती बऱ्याचदा सहा किंवा नऊ यूची असते.

हे माप मी शोधायला लागलो ते पैशांमुळे. माझ्याकडे एका ऑफिसने काढून टाकलेले दोन कंप्युटर, एक रास्पबेरी पाय, राउटर, नेटवर्क स्विच आणि यूपीएस एवढा संसार आहे. तो दोन खोल्यांच्या घरात जमिनीवर पसरला की झाडू मारणाऱ्याचा आणि माझा रोज वाद. म्हणून रॅकची चौकशी केली, तर ठेवायच्या यंत्रांपेक्षा ठेवायचं कपाट महाग! चार खांब आणि काही भोकं, एवढ्याच गोष्टीला इतके पैसे का, असा प्रश्न पडला. मग आणखी मूळचा प्रश्न पडला: हे १९ इंच ठरवले कुणी?

कंप्युटरवाल्यांनी नाही. टेलिफोनवाल्यांनी.

१९१५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन लाइन सुरू झाली. इतक्या लांबच्या तारेत आवाज वाटेतच विरतो. तो मध्ये मध्ये पुन्हा मोठा करायला व्हॅक्यूम ट्यूबचे रिपीटर बसवावे लागत. सुरुवातीला हे रिपीटर मिळेल तिथे ठेवले जात: फळ्यांवर, लाकडी खोक्यांत, कपाटांत. आपल्या घरी राउटर टीव्हीमागे असतो, तसंच. पण लांब पल्ल्याचे कॉल वाढत गेले, यंत्रं वाढली आणि जागा पुरेना. तेव्हा १९२२च्या सुमारास 'एटी अँड टी' कंपनीच्या इंजिनिअरांनी सगळ्याच पट्ट्यांची नव्याने आखणी केली. रुंदी एकच, उंची मात्र पावणेदोन इंचांच्या पटीत. कुठलंही यंत्र कुठल्याही खांबावर चढवा, बसलंच पाहिजे.

१९३०च्या दशकापर्यंत भोकांचं अंतरही पक्कं झालं: सव्वा इंच, मग अर्धा इंच, पुन्हा सव्वा, पुन्हा अर्धा. बेरीज पावणेदोन. आजच्या रॅकमध्ये पट्टी लावून मोजलंत तर पाच-अष्टमांश, पाच-अष्टमांश आणि अर्धा इंच अशी अंतरं दिसतील. म्हणजे जुनी भोकं जागच्या जागी ठेवून सव्वा इंचाच्या बरोबर मध्ये एक भोक वाढवलं. जुन्याला न मोडता नवं करायचं, याचं इतकं नीटस उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. पुढे हे माप रेडिओ स्टेशनांनी, प्रयोगशाळांनी, साउंड स्टुडिओंनी आणि शेवटी कंप्युटर कंपन्यांनी उचललं. 'ईआयए-३१०' या नावाने त्याचं अधिकृत मानक झालं.

पण या रॅकच्या इतिहासाची दुसरी बाजू मला जास्त जवळची वाटते. ती आहे रॅक न परवडणाऱ्यांची.

१९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारातले साधे १६ कंप्युटर एकमेकांना जोडून 'बेवुल्फ' उभा केला. महासंगणकाचं काम स्वस्तात करायची वाट तिथून रुंद झाली. त्याच वाटेने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जे यंत्र तयार झालं, त्याचं नाव 'लोबॉस'. या इंग्रजी आद्याक्षरांचा सरळ अर्थ आहे, 'फळ्यांवरची पुष्कळ खोकी'. नावातच सगळं आलं!

गूगलचंही तेच. १९९६ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी दहा हार्ड डिस्क ज्या पेटीत बसवल्या, ती खेळण्याच्या ठोकळ्यांची होती. १९९९ साली कंपनीने स्वतःचे रॅक बनवून घेतले. त्यात कंप्युटरना डबेच नव्हते. एका ट्रेवर चार उघडे मदरबोर्ड, आणि खाली शॉर्ट होऊ नये म्हणून बुचाच्या लाकडाचा थर. त्यातला एक रॅक आज संग्रहालयात आहे.

घरच्या पातळीवरचा सगळ्यात गाजलेला जुगाड नेदरलँड्सच्या हॅकर मंडळींनी २०१०च्या आसपास लोकप्रिय केला. आयकियाचं 'लॅक' नावाचं स्वस्त चौकोनी टेबल असतं, ५५ सेंटिमीटर बाजूचं. पाय पाच-पाच सेंटिमीटर जाड. दोन पाय वजा केले की मध्ये उरतात ४५ सेंटिमीटर. १९ इंची रॅकच्या खांबांमधलं मोकळं अंतरही तेवढंच! टेबलाच्या पायांना स्क्रू मारले की झाला रॅक. त्याचं नाव 'लॅकरॅक'. हे टेबल आता नवी मुंबईतही मिळतं. पण लक्षात ठेवा, त्याचे पाय बरेचसे पोकळ असतात. हलका स्विच लटकेल, जड सर्व्हर लटकवला तर स्क्रू उपटून येईल.

आपल्याकडे याहून बरा पर्याय शंभर पावलांवर असतो. किराणा दुकानात, गोदामात, शाळेच्या लायब्ररीत दिसणारा भोकाभोकांचा राखाडी अँगल. त्याचा इतिहासही गमतीदार आहे. डिमिट्रियस कॉमिनो हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, ग्रीक घराण्यातला इंजिनिअर लंडनमध्ये छापखाना चालवत होता. छापखान्यात मांडणी सतत बदलावी लागते. दर वेळी नवीन मांडण्या बनवायच्या, मग त्या मोडायच्या आणि माल वाया घालवायचा, याला तो वैतागला. त्यातून त्याला आधीच भोकं पाडलेल्या अँगलची कल्पना सुचली. वेल्डिंग नको, सुतार नको. नट-बोल्ट आवळा, नको झालं की सोडवा. १९४७ साली त्याची 'डेक्सियन' कंपनी सुरू झाली आणि हा अँगल जगभर पोचला.

माझा रॅक या दोन इतिहासांच्या जोडणीतून झाला. हार्डवेअरच्या दुकानातून तीन-तीन फुटांचे चार अँगल, पत्र्याच्या चार फळ्या, नट-बोल्ट आणि कोपऱ्यात आवळायला तिकोनी पत्रे घेतले. हे तिकोनी पत्रे टाळू नका, नाहीतर सगळा सांगाडा डुलतो. या अँगलची भोकं रॅकच्या मापाशी जुळत नाहीत. म्हणून कंप्युटर सरळ फळ्यांवर ठेवले. फक्त १९ इंची स्विचसाठी पुढच्या दोन अँगलवर नवीन भोकं पाडली, आडवं अंतर ४६५ मिलिमीटर धरून. यूपीएस सगळ्यात खाली, कारण वजन तळाशी हवं. मागची बाजू उघडी, कारण गरम हवा तिथूनच बाहेर पडते. आणि सांगाडा लोखंडी असल्यामुळे अर्थिंग असलेलाच प्लग वापरायचा.

एवढा खटाटोप कशाला, सर्व्हर भाड्यानेही मिळतो की, असं कुणीही विचारेल. मिळतो, आणि कामाच्या ठिकाणी मीही तोच वापरतो. पण भाड्याच्या सर्व्हरचं झाकण उघडता येत नाही. पंखा कुठे घुरघुरतो, कुठली वायर सैल आहे, वीज गेल्यावर कोण आधी मरतं, हे हाताने कळत नाही. त्याला दर महिन्याला पैसे लागतात, क्रेडिट कार्ड लागतं. शिकणाऱ्या पोराकडे बहुतेक वेळा दोन्ही नसतं. त्याच्याकडे असतो कुणीतरी टाकून दिलेला एक कंप्युटर.

त्याच्यासाठी रॅक स्वस्तात होऊ शकतो, कारण हे माप एकट्या कुणाचं राहिलेलं नाही. एका कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी ठरवलेली अंतरं शंभर वर्षांत सगळ्यांची झाली. ती पाळायला परवानगी लागत नाही आणि लायसन्स लागत नाही. लोखंड, लाकूड, आयकियाचं टेबल, काहीही चालतं. महाग कपाटात आपण पैसे मोजतो ते पत्र्याचे, काचेच्या दाराचे आणि पावडर कोटिंगचे. पावणेदोन इंच फुकट आहेत. एक मोजपट्टी आणि एक ड्रिल मशीन मिळालं की ते तुमचे.