खारी माती आणि मुळांचे सोबती

१/ क्षारपड जमिनीत पिकावर दुहेरी संकट येते. मुळांना पाणी ओढणे कठीण होते आणि पेशींत सोडियम साचत जाते. तिसरा घात मात्र वनस्पती स्वतःच स्वतःवर करून घेते. तो टाळणाऱ्या जिवाणूंच्या शोधाचा हा इतिहास.

२/ १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी मुळांच्या प्रभावाखालील मातीला ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांवर तेथे असंख्य जिवाणू पोसले जातात.

३/ १९७८ मध्ये जपानच्या होन्मा आणि शिमोमुरा यांना मातीतील जिवाणूत एक विकर आढळले. ते ‘एसीसी’ नावाच्या संयुगाचे विघटन करी. परंतु वनस्पतीत या संयुगाचे कार्य काय, हे तेव्हा उलगडलेले नव्हते.

४/ पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात ॲडम्स आणि यांग यांनी ते उलगडले. एसीसीपासूनच वनस्पती इथिलीन तयार करते. अढीतला आंबा पिकवणारा वायू तो हाच. क्षारांचा ताण वाढला की रोपात इथिलीन अतिरिक्त प्रमाणात निर्माण होते आणि मुळांची वाढ खुंटते. तिसरा घात तो हा.

५/ हे दोन धागे १९९८ मध्ये कॅनडातील बर्नार्ड ग्लिक व सहकाऱ्यांनी एका सिद्धांतात गुंफले. मुळांवरील जिवाणू एसीसी खाऊन त्यातून स्वतःसाठी नायट्रोजन मिळवतात. त्यामुळे रोपातील इथिलीन घटते आणि मुळे वाढत राहतात.

६/ कसोटी २००४ मध्ये लागली. इस्राएलच्या दक्षिणेकडील रुक्ष अराव्हा प्रदेशातील मातीतून ॲक्रोमोबॅक्टर वंशाचा जिवाणू वेगळा करण्यात आला. मायाक, तिरोश आणि ग्लिक यांनी तो टोमॅटोच्या रोपांना दिला. लिटरमागे सुमारे १० ग्रॅमपर्यंत मीठ असलेल्या पाण्यातही ही रोपे जिवाणूविरहित रोपांहून अधिक वाढली.

७/ त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. रोपांतील इथिलीन घटले, सोडियम मात्र घटले नाही. म्हणजे जिवाणूने मीठ हटवले नव्हते; ते सोसण्याचे बळ रोपाला दिले होते.

८/ हा भेद महाराष्ट्रासाठीही मोलाचा आहे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अतिसिंचन आणि अपुऱ्या निचऱ्यामुळे जमिनी क्षारपड झाल्या. तेथे जिवाणू खत पिकाला आधार देऊ शकेल. जमीन सुधारण्यासाठी मात्र पाण्याचा निचराच करावा लागेल.