पोत आणि छेद: एका जुन्या हुन्नराचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर व्हेक्टर पद्धतीने चित्रे काढणाऱ्या कलावंतापुढे दोन अडचणी वारंवार उभ्या राहतात. खडबडीत पोत आकाराच्या कडेशी नेमका थांबत नाही, ही पहिली. आणि एका आकाराने दुसरा छेदू गेले असता काही तुकडे नाहीसे होतात व जे पोकळ राहावयाचे ते भरीव होतात, ही दुसरी. या अडचणी यंत्रानेच निर्माण केल्या आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्या चित्रमुद्रणाच्या कारखान्यांत संगणकाच्या कितीतरी आधी उपस्थित झाल्या होत्या, आणि त्यांवरची हिकमतही तेथील कारागिरांनीच बसविली होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने शिळामुद्रण सिद्ध केले, आणि पोत हा केवळ चित्रकाराच्या हाताचा विषय न राहता दगडाच्या पृष्ठभागाचाही गुण झाला. सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड वाळू व पाणी घालून घासला की त्यावर बारीक रवा उठे, आणि तेलकट खडू त्या रव्याच्या माथ्यांना तेवढा चिकटून छटा उमटे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळेवरच; पुढे पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा आणि मुंबईत १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, तेव्हा रंगीत चित्र घराघरांत पोहोचविण्याचे कामही शिळेनेच केले. या रंगीत कामात प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे, आणि एका रंगाची कड दुसऱ्या रंगाच्या कडेला तंतोतंत भिडविण्याचा हट्ट धरला तर कागद किंचित सरकताच मधून पांढरी रेघ डोकावे. म्हणून जाणता कारागीर फिकट रंग गडद रंगाखाली केसभर सरकवून ठेवीत असे. पडद्यावर दोन लगतच्या आकारांमध्ये जी पुसट रेघ दिसते तिचे कारण निराळे आहे, कारण तेथे कडेवरच्या चौकोनी ठिपक्यात दोन्ही आकारांचा अंश स्वतंत्रपणे मिसळला जाऊन पार्श्वभूमी पाझरते. परंतु उपाय मात्र तोच, एक आकार दुसऱ्याखाली थोडा वाढविण्याचा.

या सर्व इतिहासात मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो न्यूयॉर्कच्या बेंजामिन डे याचा १८७९ सालचा शोध. सरसाच्या पारदर्शक पापुद्र्यावर ठिपक्यांचा किंवा रेघांचा उठाव करून, त्यावर शाई लावून, तो पापुद्रा शिळेवर वा जस्ताच्या पत्र्यावर दाबला की ठिपक्यांचा संपूर्ण पोत एकाच वेळी उतरे, आणि हाताने ठिपके देत बसण्याचे दिवसच्या दिवस वाचत. परंतु पोत उतरावयाचा तो पानाच्या, मुखाच्या किंवा वस्त्राच्या आकारातच. मग त्याची तजवीज कशी केली? पोत कापला मुळीच नाही. जेथे तो नको तेथे आधी डिंकाचा थर देऊन जागा झाकली, नंतर पोत सबंध पृष्ठभागावर दाबला, आणि शेवटी डिंक पाण्याने धुऊन काढला. त्याबरोबर त्यावरची शाईही गेली आणि हव्या त्या आकारात पोत निर्मळ कडेसह शिल्लक राहिला. शिवाय तो पापुद्रा एका चौकटीत ताणलेला असे, म्हणजे पोताचे नाते चौकटीशी असे, खालच्या आकाराशी नसे.

विसाव्या शतकात दुसरा मार्ग आला. झिप-ए-टोन आणि पुढे लेट्राटोन यांसारखे चिकट पोत-पत्रे रेखाटनावर बसवून सुरीने आकाराच्या कडेने कापले जात. आणि रुबीलिथ नावाचा तांबडा पापुद्रा कापून छायाचित्रणासाठी आकार तयार केले जात, कारण त्या कामातील फिल्मला तांबडा प्रकाश दिसत नसे. वरचा थर कापला जावा पण खालच्या आधाराला पाते लागू नये, एवढा हात हलका ठेवावा लागे. अशा रीतीने एकाच कामाचे दोन संप्रदाय झाले, झाकण्याचा आणि कापण्याचा.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी स्थापन केली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा झाकण्याचा संप्रदाय तिच्यात प्रथमपासूनच अंतर्भूत होता: एक रेषामार्ग नेमून द्यावा, आणि पुढे जे काही रंगवाल ते त्याच्या आतच उमटावे. १९८७ च्या इलस्ट्रेटरमागे हीच भाषा होती. आणि आपल्याकडील लग्नपत्रिका व फ्लेक्स करणारे डीटीपीवाले ज्याला ‘पॉवरक्लिप’ म्हणतात, ते याच जातीचे साधन आहे. पुढे त्या भाषेत पुनरावृत्त नक्षीचा भरावही आला, आणि ती नक्षी डेच्या पापुद्र्याप्रमाणेच आकाराशी नव्हे तर पृष्ठाशी बांधलेली राहिली. आकार सरकविला असता पोत जागच्या जागी राहतो ही पुष्कळांची तक्रार येथूनच उगम पावते, आणि नक्षीही आकाराबरोबर हलावी अशी मुभा देणारा पर्याय निवडला की ती मिटते.

कापण्याच्या संप्रदायाला मात्र गणिताची कठीण वाट चालावी लागली. सदरलंड आणि हॉजमन यांनी १९७४ मध्ये दिलेली आकृती छेदण्याची रीत बहिर्वक्र चौकटीपुरती होती. वायलर आणि अॅथर्टन यांनी १९७७ मध्ये, आणि बाला वट्टी यांनी १९९२ मध्ये ती मर्यादा ओलांडली. हे सर्व सरळ बाजूंच्या आकृत्यांविषयी झाले. फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत द कास्तेल्जो आणि बेझिए यांनी घडविलेले घन वक्र घेतले, तर असे दोन वक्र एकमेकांना नऊ ठिकाणीदेखील छेदू शकतात. आता स्कॅन करून रेषाबद्ध केलेल्या खडबडीत पोतात असे हजारो तुकडे असतात, काही मार्ग उघडे असतात, काही स्वतःलाच छेदतात, आणि काही कडा छेदणाऱ्या आकाराच्या कडेवर तंतोतंत पडतात; संगणकाची संख्या मर्यादित अंकांची असल्यामुळे अशा ठिकाणी बिंदू आत की बाहेर याचा निवाडा डळमळतो. पोकळी भरून जाण्याचा दोष याहून निराळा आहे: आत कोणते आणि बाहेर कोणते हे ठरविण्याचे दोन नियम पोस्टस्क्रिप्टपासून चालत आले असून, त्यांपैकी एक मार्गाची दिशा पाहतो; आतला मार्ग उलट दिशेने फिरविला, अथवा सम-विषम मोजणीचा दुसरा नियम लावला, की पोकळी पुन्हा प्रकट होते.

माझे मत निःसंदिग्ध आहे: आकार कापावेत, पोत झाकावा. तेव्हा वाचकहो, पोत छेदताना तुमचे चित्र फाटत असेल, तर आधी तो अखंड ठेवून क्लिपिंग मास्कखाली, म्हणजे नेमून दिलेल्या रेषामार्गाच्या आत, घ्या; कापणे अटळच असेल तर मूळची प्रत राखून ठेवा, उघडे मार्ग बंद करा, अनावश्यक बिंदू कमी करा, आणि छेदणारा आकार कडेच्या थोडा पलीकडे न्या.