बंदर रेवदंड्याला, माल आपल्याकडचा

पोस्ट लांब आहे. पण दोन हजार वर्षांचा हिशेब आहे, दहा मिनिटं द्या.

गोरेगावच्या माणसाचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण हसून सोडून देतो. पाचशे किलोमीटरच्या पुढं लांब असलेलं खारं पाणी. आपलं पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि पैनगंगा. माझंही मत याहून फार वेगळं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी अलिबागला गेलो होतो. तिथून सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा. एक स्थानिक तरुण पंधरा-वीस जणांना घेऊन पायी गाव दाखवतो म्हणून कळलं, तर मीही सामील झालो. इटलीत जेनोव्हा, व्हेनिससारख्या जुन्या बंदरांत लोक पैसे देऊन असे गल्लीबोळ फिरतात. आपल्याकडं हे आता कुठं सुरू झालंय.

रेवदंडा हे एक गंमतीशीर गाव आहे. अलिबाग-मुरूड रस्ता सरळ किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांच्या मधोमध पडक्या चर्चच्या भिंती. कुणाच्या परसात पोर्तुगीज कमान, तिच्यावर वाळत घातलेली चादर. सातखणी मनोरा लांबूनच दिसतो. नाव सातखणी असलं तरी सातही मजले आता उरलेले नाहीत. खाडीपलीकडं कोर्लईचा डोंगर. त्या गावात काही घरांतून आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, तरी भाषा राहिली!

वाटाड्या पोरगा तयारीचा होता. १५०८ ची लढाई त्यानं अशी सांगितली की बायाबापड्या चालायच्या थांबल्या. इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज एकत्र येऊन चौलच्या खाडीत पोर्तुगिजांवर तुटून पडले. व्हाइसरॉय आल्मेदाचा पोरगा लोरेन्सो याचं जहाज निसटता निसटता कोळ्यांनी रोवलेल्या खुंटांत अडकलं, आणि तो तिथंच मेला. मिऱ्याचा धंदा पोर्तुगिजांनी समुद्रावरून वळवल्यामुळं तिकडं व्हेनिसच्या सावकारांच्या पोटात गोळा आला होता, म्हणजे या खाडीतल्या मारामारीकडं इटलीचेही डोळे लागलेले. पुढच्याच वर्षी बापानं दीवला पोराचा सूड घेतला. मग १५१६ ला पोर्तुगिजांची वखार, १५२१ पासून किल्ला, आणि १७४० मध्ये मराठ्यांचा ताबा. सगळं व्यवस्थित सांगितलं त्यानं.

पण दोन तासांच्या त्या फेरीत एक गोष्ट मला खटकत राहिली. जहाजं आली, जहाजं गेली, जहाजं बुडाली. जहाजांत भरायचं काय, आणि ते कुठून यायचं? नारळ-सुपारीवर कुणी लिस्बनहून येत नाही.

इथून पुढं मी पत्रकाराची खोड म्हणून जुनं चाळत गेलो, आणि प्रत्येक धागा आपल्याकडं यायला लागला.

वखारीला आणि किल्ल्याला परवानगी दिली ती अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं. हा निजामशहा मुळात कुणाचा? फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की त्याचा आजा मलिक हसन हा जन्मानं पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला ब्राह्मण, लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. पाथरी म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातली. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीतच होती, तेव्हा पाथरी आपल्याच जिल्ह्यातली म्हटलं तरी चालेल. बुऱ्हाणनं या वडिलार्जित गावासाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाया केल्या. म्हणजे कोकणातल्या बंदराचा धनी आपल्या मातीतल्या गावावरून भांडत होता. पुढं १५७० मध्ये त्याचा नातू मुर्तजा घाट उतरून चौलला वेढा घालून बसला. कित्येक महिने झुंजला, हात हलवत परत गेला.

त्याच्याही आधी, वास्को द गामा यायच्या पंचवीस-तीस वर्षं अगोदर, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरला. बरोबर एक घोडा. दख्खनच्या सुलतानांना घोड्यांची हाव होती आणि घोडे यायचे समुद्रावरून. हा बाबा घाट चढून जुन्नरला गेला, तिथल्या खानानं घोडा हिसकावला, कसाबसा परत मिळाला, आणि तो विकायला हा थेट बीदरला. रेवदंड्यात त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. बंदर हे त्याच्यासाठी फक्त दार होतं, बाजार आत होता.

आणि सगळ्यात जुना धागा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाची टिपणवही आहे, पेरिप्लस म्हणतात तिला. तिच्यात चौलचं नाव सेमिल्ला म्हणून येतं. तीच वही सांगते की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड, तलम मलमलसुद्धा, गाड्यांत भरून बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. बदल्यात जहाजांतून दारू यायची, आणि वही स्पष्ट लिहिते, जास्त पसंती इटलीच्या दारूला. (आपली आवडनिवड जुनीच दिसते!)

इटलीचंच निघालं म्हणून सांगतो. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय बाई सापडली. वीतभरापेक्षा थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. आज नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. तशाच घडणीची मूर्ती तेरला मिळाली, आणि तिसरीचा तुटका भाग जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात. पाँपेईची मूर्ती मराठवाड्यातल्या कारागिरानं कोरली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पायथ्याला खरोष्ठी अक्षर असल्यामुळं काही जण वायव्येकडं बोट दाखवतात. वाद राहू द्या. पण त्या वादात भोकरदनचं आणि तेरचं नाव घेतल्याशिवाय कुणाला पुढं जाता येत नाही, हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

मला राग याचाच येतो. रेवदंड्याचा तो पोरगा समुद्रापासून सुरुवात करतो, त्याला दोष नाही, त्याचं गाव समुद्रावर आहे. घाटाच्या अलीकडचं सांगायचं काम आपलं होतं. आपण आपल्या पोरांना सांगितलं काय, तर मराठवाडा मागास, दुष्काळी, इथं कधी काही घडलंच नाही. शाळेच्या सहली वॉटर पार्कला जातात. आजही वसमत-हिंगोलीची हळद मोंढ्यातून निघून न्हावा-शेवा बंदरातून जगभर जाते, आणि हळद काढणाऱ्याला ती कुठं गेली हे ठाऊक नसतं. दोन हजार वर्षांपूर्वी तगरच्या विणकराचंही असंच असणार.

तेव्हा एक ठरवलंय. हळदीचा हंगाम उरकला की नववी-दहावीच्या पोरांना घेऊन तेरला जायचं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय तिथं आहे, ती हस्तिदंती बाई तिथलीच. गोरोबाकाकांचंही गाव तेच, म्हणजे दर्शनही होईल आणि घरचे नाही म्हणणार नाहीत. नरसीच्या नामदेवांची पोरं गोरोबाकाकांच्या गावाला निघाली म्हटल्यावर कोण अडवणार? पहाटे चारला निघालं तर रात्री उशिरा परत. एका गाडीचं डिझेल मी बघतो, दुसऱ्या गाडीचं कुणी बघणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. पोरांची नावं शाळेतल्या सरांकडं द्या, माझ्याकडं नको.