मराठी कादंबरींतील पंधरावें वर्ष

आजच्या भाषणाचा आरंभ एका चोरीच्या कबुलीनें करतों. आमचें बिऱ्हाड ठाण्यास माजिवड्याला आहे. मुंबईहून येणारा, नाशिककडे जाणारा आणि घोडबंदराकडे वळणारा असे तीन रस्ते ज्या नाक्यावर मिळतात, त्याच्या अगदीं जवळ. मुलगी नववींत शिकते. गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं तिच्या उशाखालीं मला मिलिंद बोकील ह्यांची 'शाळा' ही कादंबरी सांपडली. उभ्याउभ्याच चार पानें चाळलीं. नववीच्या वर्गांतील मुलगे मुलींविषयीं जें बोलतात, तें आपल्या घरच्या बैठकींत कोणी उच्चारीत नाहीं. येथें तें जसेंच्या तसें छापलेलें! मीं पुस्तक उचललें आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिलें. रात्रीं निजानीज झाल्यावर तेंच खालीं काढून वाचावयास बसलों. दोनाच्या सुमारास मला एकट्यालाच मोठ्यानें हंसूं आलें, आणि पुढें थोड्या वेळानें डोळेही पुसावे लागले. पहांटे पुस्तक होतें त्या जागीं नेऊन ठेवलें. मुलीनें कांहीं विचारलें नाहीं; मींही कांहीं सांगितलें नाहीं.

ज्या पुस्तकाची बापाला भीति वाटते, तेंच पुस्तक त्याला रात्रभर जागवितें, हें कसें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधीत मी मागें मागें गेलों, तेव्हां एक लहानसा इतिहास हातीं लागला. तो आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पहिली गोष्ट ही कीं, चौदा-पंधरा वर्षांचें स्वतंत्र असें वय ही आपल्याकडे तशी नवीनच वस्तु आहे. शंभर-सवाशे वर्षांपूर्वींच्या पांढरपेशा घरांत मुलीचें लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं होई आणि न्हाण येतांच ती सासरीं नांदूं लागे. मुलगाही मिसरूड फुटण्यापूर्वींच बोहल्यावर चढे. शेतकरी-कारागिरांच्या घरीं तर मुलाचे हात कामाला लागले कीं बालपण संपलें. बालपण आणि प्रपंच ह्यांच्यामध्यें उंबरठ्याएवढीही जागा नव्हती. ती जागा दोन गोष्टींनीं निर्माण केली: कायद्यानें आणि शाळेनें. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यानें पुण्यांत केवढें वादळ उठलें तें इतिहासांत नमूद आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें लग्नाचें किमान वय मुलीस चौदा व मुलास अठरा ठरविलें. दुसरीकडे १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत बाकावर बसूं लागला. ना धड मूल, ना धड माणूस, अशी कांहीं वर्षें पदरांत पडलीं. वाचनाची सोयही झाली. आमच्या ह्या भागांत कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. वाचणारा मुलगा जन्मास आला खरा. परंतु त्याचें स्वतःचें वय ज्यांत दिसेल असें पुस्तक मात्र फडताळांत नव्हतें.

मौजेची गोष्ट अशी कीं, तें वय मराठींत प्रथम बोललें तें मुलीच्या तोंडून. १८९० सालीं हरि नारायण आपट्यांनीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. आपट्यांचें वय तेव्हां अवघें सव्वीस. कथा सांगते यमू. लहानपणचे रुसवेफुगवे, घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांचा धाक, आजोळच्या गोष्टी, लग्न म्हणजे काय हें न कळतां झालेलें लग्न, हें सारें ती अशा साध्या शब्दांत सांगते कीं आरंभींच्या भागांत वाचकाच्या ओठांवर वारंवार हसूं येतें. पुढें तिच्यावर वैधव्य कोसळतें आणि तें हसूं जागच्या जागीं विझतें. ग्रंथकाराचा हेतु समाजसुधारणेचा होता. पण आज शंभराहून अधिक वर्षांनंतर ती कादंबरी वाचवते ती यमूच्या त्या निर्व्याज बोलण्यामुळें.

जें आपट्यांनीं कल्पनेनें केलें, तें लक्ष्मीबाई टिळकांनीं स्वतःच्या आयुष्यावर करून दाखविलें. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. ती कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण आजच्या विषयांत तिला वगळून चालणार नाहीं. वडिलांच्या सोवळ्याचें वेड, अकराव्या वर्षीं झालेलें लग्न, कवि नवऱ्याचा शीघ्रकोप आणि वाटेल तेव्हां घर सोडून निघून जाण्याची त्याची तऱ्हा, हे सारे प्रसंग दुसऱ्या कोणी लिहिले असते तर ती दुःखांची एक मोठी यादी झाली असती. लक्ष्मीबाई त्यांतल्या स्वतःच्या फजितीपासून आरंभ करतात. म्हणून त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या माणसांविषयीं त्या जें सांगतात, त्यावर आपला चटकन विश्वास बसतो.

ह्याच सुमारास मुलगेही पुस्तकांत आले. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ सालीं छापली गेली. श्याम प्रामाणिक नाहीं असें कोण म्हणेल? आपला भित्रेपणा, आपली चोरीसुद्धां तो लपवीत नाहीं. परंतु प्रत्येक कबुलीच्या शेवटीं तेथें आई उभी आहे. चूक सांगावयाची ती धडा मिळाला म्हणून. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' ह्याच्या उलट हंसरा व खोडकर. तथापि त्याच्या खोड्यांकडे आपण मोठ्यांच्या कौतुकाच्या दृष्टीनें पाहतों. पुढें भा. रा. भागवतांनीं फुरसुंगीच्या बनेश फेण्याला 'फास्टर फेणे' बनवून वीस पुस्तकांतून धांवावयास लावलें, आणि दोन पिढ्या त्याच्या 'ट्टॉक'वर पोसल्या. फेणे चोर पकडतो, संकटांतून निसटतो. पण आरशासमोर उभा राहून आपल्या मिशा फुटल्या कीं नाहीं हें पाहण्यास त्याला उसंत मिळत नाहीं. एक रडवणारें पुस्तक, एक हंसवणारें, एक धांवणारें, तिन्ही आपापल्या परी उत्तम. पण हंसत हंसत स्वतःचें खरें सांगणारा मुलगा अजून यावयाचा होता.

परदेशांतही तो सुखासुखी आला नाहीं. मार्क ट्वेनचा हकलबरी फिन १८८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला, तेव्हां मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गांवच्या ग्रंथालयानें त्याची भाषा हलकी म्हणून त्याला दार बंद केलें. १९५१ सालीं सॅलिंजरचा शाळेंतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा होल्डन बोलूं लागला. त्याच्याही नशिबीं पुष्कळ शाळांची बंदी आली. १९८२ सालीं इंग्लंडांत स्यू टाउनसेंड ह्या बाईंनीं तेरा वर्षें नऊ महिने वयाच्या एड्रियन मोलची रोजनिशी लिहिली. तोंडावरच्या पुटकुळ्या आणि आईबापांचें मोडत चाललेलें घर ह्या दोन्ही गोष्टी तो मुलगा सारख्याच गांभीर्यानें नोंदवितो, आणि वाचक हंसतां हंसतां एकाएकीं थबकतो.

मराठींत हा बदल १९६३ सालीं झाला. त्या वर्षीं पंचवीस वर्षांच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' निघाली. पांडुरंग सांगवीकर हा खेड्यांतून पुण्यास शिकण्यास आलेला तरुण. त्याचें वय आपल्या विषयापेक्षां थोडें पुढचें. पण वसतिगृह, खानावळ, सभासंमेलनें, परीक्षेंतील अपयश आणि बापाचे वाया गेलेले पैसे ह्यांची हकीकत तो अशा कांहीं बेफिकीर, तिरकस बोलींत सांगतो कीं तोंवरची छापील मराठी एकदम कांजी घातलेल्या कापडासारखी वाटूं लागली. आणि त्याच बोलींत, धाकटी बहीण देवीच्या रोगानें गेल्याचें जेव्हां तो सांगतो, तेव्हां कळतें कीं हा विनोद म्हणजे पोरकटपणा नव्हता. दुःख सांगण्यास त्या मुलाजवळ दुसरी भाषाच नव्हती.

'कोसला'नें भाषेचें दार उघडलें; त्यांतून लहान वयाचीं मुलें आंत येण्यास मात्र आणखी तीस वर्षें गेलीं. १९९४ सालीं प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' प्रसिद्ध झाला. संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवीत. त्यांचा लंपन हा बेळगांवकडील सीमाभागांत आजी-आजोबांपाशीं वाढणारा मुलगा. कानडीचा वारा लागलेली त्याची मराठी, वाटेल तेवढे मोठे आकडे सांगण्याची त्याची खोड, आणि एखाद्या मुलीजवळून जातांना पोटांत होणारी अनामिक कालवाकालव, ह्यांतून एका आयुष्याची पहांट उगवतांना आपण पाहतों. त्या कथा कादंबरी नव्हेत. पण चार पुस्तकें मिळून त्यांचा एकच सलग प्रवास होतो.

आणि २००४ सालीं 'शाळा' आली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, आणि सांगणारा मुकुंद जोशी. सुऱ्या, चित्र्या, फावड्या हे त्याचे मित्र. अर्धवट बांधलेल्या एका इमारतींत त्यांची बैठक. ठाणें-कल्याण भागांत जे त्या काळीं वाढले, त्यांना ती अर्धवट इमारत वेगळी सांगावी लागत नाहीं. आमच्या माजिवड्यासारखीं गांवें जेव्हां शहर होऊं लागलीं, तेव्हां प्रत्येक आळीला अशी एक विटा-वाळूची इमारत होती आणि संध्याकाळीं तेथें मुलें असत. मुकुंदाला वर्गांतील शिरोडकर आवडते. ती एकदां वळून पाहते, ह्या घटनेस त्याच्या लेखीं देशांत चाललेल्या उलथापालथीहून अधिक महत्त्व आहे. तो मास्तरांना नांवें ठेवतो, घरीं थापा मारतो, आणि ह्या सगळ्या शौर्याच्या मागें आपण किती घाबरलेलों आहों हेंही सांगून टाकतो. वर्ष संपतें, मंडळी पांगतात. कोणी मरत नाहीं, कोणाचा उद्धार होत नाहीं. तरीही पुस्तक मिटतांना एक मोठें कांहीं हातून निसटल्यासारखें वाटतें. पुढें त्यावर सुजय डहाक्यांनीं केलेला चित्रपट २०१२ सालीं आला आणि त्यास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आतां माझ्या मूळ प्रश्नाकडे वळतों. ह्या पुस्तकांचें आकर्षण कशांत आहे? मला वाटतें, पंधराव्या वर्षाची हकीकत तीन प्रकारांनीं सांगतां येते. ती धडा म्हणून सांगितली तर तिचा शेवट मोठी माणसें ठरवितात. गाऱ्हाणें म्हणून सांगितली तर सांगणारा नकळत स्वतःची बाजू सांवरून धरतो. परंतु ती स्वतःची फजिती म्हणून सांगितली, तर कोणाचीच बाजू सांवरावी लागत नाहीं. आणि मग खरें बाहेर येतें. ऐकणाऱ्यालाही आपली एखादी फजिती आठवते. विनोद येथें पानांत वाढलेल्या लोणच्यासारखा तोंडीं लावण्यापुरता नसतो. त्याच्यावांचून ह्या वयाची कबुलीच होऊं शकत नाहीं.

भाषेविषयींची आपली तक्रार मी समजूं शकतों, कारण ती माझीच होती. पण विचार करतां असें दिसतें कीं, ते शब्द आपल्या मुलांच्या कानांवर शाळेच्या वाटेवर, बसच्या रांगेंत रोज पडतच असतात. त्यांच्या कानांवर जें कधींच पडत नाहीं तें हें, कीं असे शब्द फेकणारा मुलगाही रात्रीं पांघरुणांत भितो, आणि तें भिणें लाजिरवाणें नाहीं. हें त्यांना आपण सांगत नाहीं. शिक्षक सांगत नाहींत. तें काम 'शाळे'सारखें एखादें पुस्तक करतें.

त्या रात्रीनंतर आठ दिवसांनीं जेवतांना मीं मुलीला चोरीची हकीकत सांगितली. ती रागावेल अशी माझी कल्पना होती, ती हंसली. मग हात धुऊन आल्यावर तिनें विचारलें, "बाबा, शिरोडकरला काय वाटत होतें, तें कोणी लिहिलें आहे का हो?"

मीं पुष्कळ आठवून पाहिलें. यमूचें नांव सांगितलें, लक्ष्मीबाईंचें सांगितलें. पण तीं तर बालपणींच संसारांत ओढलेलीं मुलें. नववींत शिकणाऱ्या, वेणी घालून सायकलीवरून शाळेंत जाणाऱ्या, मैत्रिणींत खिदळणाऱ्या आणि रात्रीं भिणाऱ्या मुलीनें स्वतः सांगितलेली, 'शाळे'च्या तोडीची मराठी कादंबरी माझ्या ओठांवर आली नाहीं. ज्या भाषेंत हें वय प्रथम मुलीच्या तोंडून बोललें, तिच्यांत एवढी उणीव राहावी ह्याचें मला वाईट वाटलें.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग आपल्या खोलींत गेली आणि जातांना दार लोटून घेतलें. दाराखालून रात्रीं उशिरापर्यंत दिव्याचा उजेड दिसत होता. ती वाचीत होती कीं लिहीत होती, हें मीं उठून पाहिलें नाहीं.