नागरिकत्वाआधीची जर्सी : बचावपटू जो माका

१/९
२९ जून १९५०. ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते. विश्वचषकात प्रथमच उतरलेल्या बलाढ्य इंग्लंडला अमेरिकेने १-० असे हरवले. विजेत्यांच्या अकरा जणांत तिघे अमेरिकेचे नागरिकच नव्हते. गोल करणाऱ्या जो गेटजेन्सची कथा पुष्कळदा सांगितली जाते. डाव्या बगलेवर बचाव सांभाळणारा जो माका मात्र उपेक्षितच राहिला.

२/९
माकाचा जन्म १९२० मध्ये ब्रुसेल्सला झाला. ऐन तारुण्यातील वर्षे दुसऱ्या महायुद्धाने गिळली. युद्ध संपल्यावर तो अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन हिस्पॅनो संघाकडून खेळू लागला. फुटबॉलवर तेथे घर चालत नसे. पोटासाठी तो घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करी.

३/९
ही स्थिती त्याच्या एकट्याची नव्हती. गोलरक्षक फ्रँक बोर्गी शववाहिका चालवी, वॉल्टर बार शिक्षक होता, हॅरी किओ टपाल खात्यात होता. हैतीहून शिकायला आलेला गेटजेन्स उपाहारगृहात भांडी घासत असे. असा हा कष्टकऱ्यांचा संघ.

४/९
परंतु परदेशी माणूस अमेरिकेकडून खेळला कसा? अमेरिकी फुटबॉल संघटनेचा नियम त्या काळी सैल होता. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या खेळाडूला संघात स्थान मिळू शके. माका, गेटजेन्स आणि स्कॉटलंडचा एड मॅकिलव्हेनी हे तिघे याच वाटेने आले. माकाच्या मायदेशाने, बेल्जियमने, तर पात्रता फेरीतूनच माघार घेतली होती.

५/९
इंग्लंडविरुद्ध डाव्या बचावपटूचे पहिले काम एकच : प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या विंगरला रोखणे. आणि तो विंगर होता टॉम फिनी, त्या पिढीतील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. ३८व्या मिनिटाला बारच्या फटक्याला गेटजेन्सने डोके लावले आणि गोल झाला. उरलेला सारा वेळ ती एका गोलाची आघाडी जपण्यात गेला. गुणफलकावर गोल करणाऱ्याचे नाव लागते. न झालेल्या गोलांचे श्रेय कोणाच्या नावे लागत नाही.

६/९
माकाचे नाव फलकावर लागले ते पुढच्या सामन्यात. २ जुलैला रेसिफे येथे चिलीने मध्यंतरापर्यंत २-० अशी आघाडी घेतली होती. मध्यंतरानंतर लगेच फ्रँक वॉलेसने एक गोल केला आणि पाठोपाठ माकाने पेनल्टीवर बरोबरी साधली. ही बरोबरी टिकली नाही. चिली ५-२ ने जिंकला आणि अमेरिकेचे आव्हान संपले.

७/९
स्पर्धेनंतर या तिघांच्या पात्रतेवरच प्रश्न उपस्थित झाला. डिसेंबर १९५० मध्ये फिफाने अमेरिकी संघटनेला निर्दोष ठरवले. विजय अबाधित राहिला. पण मूळ प्रश्न उरलाच : माणूस एखाद्या देशाचा केव्हा होतो? कागदावर शिक्का उमटतो तेव्हा, की त्या देशासाठी तो मैदानात उभा राहतो तेव्हा?

८/९
तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. मॅकिलव्हेनी मँचेस्टर युनायटेडकडे गेला. गेटजेन्स कालांतराने हैतीला परतला; १९६४ मध्ये दुव्हालिएच्या राजवटीने त्याला पकडून नेले आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. दोघांनीही अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नाही. माकाही काही काळ बेल्जियमला जाऊन खेळला. परंतु तो अमेरिकेला परतला आणि रीतसर नागरिक झाला. १९५० मध्ये जाहीर केलेला इरादा तिघांपैकी त्याने एकट्यानेच तडीस नेला.

९/९
१९७२ मध्ये त्याचा मुलगा अलँ हा नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगच्या खेळाडू निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर गौरवदालनात माकाचा समावेश झाला आणि १९८२ मध्ये त्याचे निधन झाले. अमेरिकेच्या जर्सीतील त्याची ओळख एका विश्वचषकातील तीन सामन्यांपुरतीच. त्यात दोन पराभव आणि एक विजय. तो एक विजय मात्र पाऊण शतक उलटले तरी फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांत गणला जातो, आणि त्यात एका स्थलांतरिताने सांभाळलेल्या डाव्या बगलेचाही वाटा आहे.