खडकवासल्यातल्या छोट्या नद्या

सिंहगडला जाताना खडकवासल्याचं धरण आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. पण त्याच्या खालच्या अंगाला असलेली सरकारी जलसंशोधन संस्था सहसा कुणाला माहीत नसते. ती घडवली क्लॉड इंग्लिस या आयरिश इंजिनिअरने.

१८८३ साली डब्लिनमध्ये जन्मलेले इंग्लिस १९०६ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात भारतात आले. तेव्हा दख्खनच्या कालव्यांखाली ऊस वाढत होता, आणि जादा पाण्याने चांगल्या जमिनी पाणथळ होऊन खारावत होत्या. या प्रश्नासाठी मुंबई इलाख्याने १९१६ साली सिंचनाचा खास विभाग काढला. त्यातूनच पुढे खडकवासल्याचं केंद्र उभं राहिलं. १९३७ साली ते केंद्र सरकारकडे गेलं.

इंग्लिस यांची पद्धत साधी होती. खऱ्या नदीची लहान प्रतिकृती जमिनीवर बांधायची, धरणाचं पाणी सोडायचं आणि रेती कुठे जाते ते पाहायचं. सिंधमधल्या सक्करच्या बंधाऱ्यावर उजव्या तीराच्या कालव्यांत रेती साचू लागली, तेव्हा उपाय खडकवासल्यात शोधला गेला. वळणावर वरचं निवळ पाणी बाहेरच्या काठाकडे जातं आणि तळाची रेती आतल्या काठाकडे. याच गुणाचा तिथे उपयोग केला. आपल्या उल्हासच्या वळणांवरही हे दिसतं.

इंग्लिस १९४५ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे इंग्लंडच्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. खडकवासल्यात त्यांच्यासोबत काम केलेले डी. व्ही. जोगळेकर नंतर तिथले संचालक झाले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमची मॉडेल्स स्क्रीनवर असतात, पण इंग्लिस यांचा नियम आम्हालाही लागू आहे: नदीत आधी घडून गेलेलं मॉडेलमध्ये तसंच घडलं, तरच त्याच्या पुढच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा.

म्हणून एक विनंती. २६ जुलै २००५ ला बदलापुरात उल्हासचं पाणी शिरलं, २०१९ मध्ये पुन्हा. तुमच्या घरी ते कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, किती वाजता चढलं, किती वाजता ओसरलं, हे तारखेसह लिहून ठेवा. भिंतींना रंग लागला की खुणा जातात, आणि उद्या कुणी आपल्या नदीचं मॉडेल करायला बसलं, तर त्याला हेच लागणार आहे.