हृदयविकारातील नैराश्य : आनुवंशिक घटक

हृदयविकाराचा झटका, अ‍ॅन्जिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रिया यांनंतर जडणारे नैराश्य व त्यामागील आनुवंशिक प्रवृत्ती. झटक्यानंतर साधारणपणे पाचांपैकी एका रुग्णात तीव्र नैराश्य आढळते. सौम्य लक्षणे असणारे याहून पुष्कळ.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत असा रुग्ण ‘मन लागंना’, ‘घोर लागलाय’, ‘अंगात त्राणच नाही’ अशी तक्रार करतो. रंकाळ्यावरची सकाळची फेरी सुटते, तालमीच्या कट्ट्यावर बसणे थांबते. घरचे त्याला ऑपरेशननंतरचा अशक्तपणा समजतात. थकवा, झोपमोड, मंदावलेली भूक ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असल्याने डॉक्टरांच्याही नजरेतून नैराश्य निसटते.

महत्त्व : नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व सहकाऱ्यांनी माँट्रियल येथे झटका आलेल्या 222 रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा केला (1993). त्या काळात 12 रुग्ण दगावले. नैराश्य असलेले रुग्ण एकूण संख्येच्या सहाव्या भागाइतकेच होते, मृतांत मात्र ते निम्मे होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्ये हृदयरुग्णांत नैराश्याची चाचपणी करण्याची शिफारस केली. 52 देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने (2004) मानसिक-सामाजिक ताण हा झटक्याच्या प्रमुख कारणांत गणला. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांच्या मानाने काही वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

आनुवंशिकता : जुळ्यांच्या अभ्यासांवरून तीव्र नैराश्यातील आनुवंशिक वाटा सुमारे 37% धरला जातो. हृदयरुग्णांपुरता सर्वाधिक शोध एकाच जनुकाचा झाला : पेशींत सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक. त्याच्या नियंत्रक भागाचा एक आखूड व एक लांब असे दोन प्रकार आढळतात. अव्हशालोम कास्पी यांच्या गटाने आखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य अधिक येते असे मांडले (2003). हृदयविकाराचा झटका हाही तसाच आघात. ओसाका परिसरातील रुग्णांच्या अभ्यासात (2005) आखूड प्रकाराचा झटक्यानंतरच्या नैराश्याशी संबंध दिसला, तर सान फ्रान्सिस्कोच्या ‘हार्ट अँड सोल’ अभ्यासात (2007) दीर्घकालीन हृदयरुग्णांतही तसाच संबंध आढळला. पुढे लाखो लोकांच्या माहितीवर या व अशा 18 जनुकांची फेरतपासणी झाली (2019) आणि कोणत्याच जनुकाला ठोस पुष्टी मिळाली नाही. एका जनुकावर बोट ठेवण्याचा काळ त्याबरोबर संपला. संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीत त्याच वर्षी नैराश्याशी निगडित 102 स्थाने नोंदली गेली. प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प.

नैराश्य आणि हृदयधमन्यांचा विकार यांचे आनुवंशिक मूळ सामाईक आहे काय, याविषयी मतभेद आहेत. काही पाहण्यांत थोडासा संबंध दिसतो. ब्रिटनच्या बायोबँकेतील सुमारे 3 लाख 67 हजार लोकांच्या अभ्यासात मात्र हृदयविकाराच्या आनुवंशिक जोखमीचा नैराश्याशी संबंध आढळला नाही. तरीही घरात हृदयविकार असणाऱ्यांत नैराश्य सुमारे 20 टक्क्यांनी अधिक होते. शरीरातील दाह दर्शवणारे आयएल-6 व सीआरपी आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड हे दोन्हींतील संभाव्य दुवे ठरले. म्हणजे ‘आमच्या रक्तातच आहे’ असे म्हणणाऱ्या घराण्यात पुढच्या पिढीकडे जनुकांखेरीजही बरेच काही जाते : तेच ताट, तीच तंबाखू, आणि चुलता पन्नाशीच्या आत गेल्याची धास्ती.

औषधे व जनुके : प्रस्तुत विषयाचा व्यवहारात सर्वांत उपयोगी भाग हाच. स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्त गोठू नये म्हणून बहुधा क्लोपिडोग्रेल दिले जाते. यकृतातील सीवायपी2सी19 हे विकर ते कार्यक्षम करते. एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम व सर्ट्रालिन या नैराश्यावरील गोळ्यांचा निचराही बऱ्याच अंशी त्याच विकराकडून होतो. या विकराच्या जनुकाचा निकामी प्रकार दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांहून अधिक आढळतो. तो दोन्ही पालकांकडून मिळाला, तर क्लोपिडोग्रेल कमी पडते आणि एस्सिटालोप्राम रक्तात साठून हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. शिवाय नैराश्यावरील या गोळ्या अ‍ॅस्पिरिन वा क्लोपिडोग्रेलबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाला आणि त्याची चिठ्ठी हृदयरोगतज्ज्ञाला दाखवणे अत्यावश्यक आहे.

उपचार : समुपदेशन, नियमित चालणे, सर्ट्रालिन.

निदान : जनुकचाचणीने नैराश्याचे निदान होत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला आहे काय, आणि उदास वा हताश वाटते काय, हे दोन प्रश्न पुरेशी सुरुवात करून देतात. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असतात. बेरीज 3 किंवा अधिक आल्यास सविस्तर तपासणी करावी. सोबत घरातील हृदयविकार व नैराश्य या दोहोंचीही चौकशी करावी. शिवाजी पेठेतील रुग्णांना छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय जवळ आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.